पुराव्यावरून बोलताना: इंग्रजीतील अनुमानाच्या शब्दप्रयोगांविषयी वाचकांचे प्रश्न

इंग्रजी शिकवणारे, इंग्रजीतून मराठीत अनुवाद करणारे आणि केवळ आवडीने इंग्रजी वाचणारे अनेक वाचक या सदरासाठी प्रश्न पाठवतात. यावेळी निवडलेले सर्व प्रश्न एकाच विषयाचे आहेत. समोरच्या खुणांवरून, कागदपत्रांवरून किंवा ऐकीव माहितीवरून निष्कर्ष काढताना इंग्रजी भाषक जे शब्द वापरतात, ते कसे समजून घ्यावेत, हा तो विषय. प्रश्न थोडे संक्षिप्त केले आहेत आणि इंग्रजी शब्दप्रयोग देवनागरीतच दिले आहेत.

प्रश्न : ‘जजिंग बाय’ आणि ‘जजिंग फ्रॉम’ यांपैकी शुद्ध कोणते? शिवाय ‘जजिंग बाय द क्लाउड्स, इट विल रेन सून’ या वाक्यात ‘जजिंग’ या क्रियेचा कर्ता कोण मानावा? नियमाने तो ‘इट’ ठरतो आणि मग वाक्याला अर्थच उरत नाही. (इंग्रजीचे एक शिक्षक)

उत्तर : दोन्ही रूपे शुद्ध आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकी अशा दोन्ही लेखनांत ती आढळतात आणि त्यांच्यात अर्थाचा भेद शोधत बसण्यात हशील नाही. ‘टू जज बाय’ आणि ‘टू जज फ्रॉम’ ही किंचित जुन्या वळणाची रूपेही त्याच अर्थाची आहेत.

कर्त्याविषयीची आपली शंका मात्र रास्त आहे. वाक्याच्या आरंभी येणाऱ्या धातुसाधिताचा कर्ता आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा, असा दंडक इंग्रजी व्याकरणात शिकवला जातो, आणि ‘वॉकिंग डाउन द रोड, द ट्रीज लुक्ड लव्हली’ या वाक्यात झाडेच रस्त्याने चालू लागतात म्हणून ते वाक्य सदोष ठरते. परंतु ‘कन्सिडरिंग’, ‘रिगार्डिंग’, ‘कन्सर्निंग’ यांसारखी काही धातुसाधिते वापरून वापरून इतकी गुळगुळीत झाली आहेत की त्यांचा कर्ता कोणी शोधतच नाही. ती आता शब्दयोगी अव्ययांचे काम करतात. ‘जजिंग बाय’ त्यांपैकीच एक आहे. मराठीत ‘ढगांवरून पाहता पाऊस लवकरच येणार’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘पाहता’चा कर्ता पाऊस आहे काय, असे कोणी विचारत नाही. विद्यार्थ्यांना नियम अवश्य शिकवावा, पण ‘जजिंग बाय’वर लाल रेघ ओढू नये.

या शब्दप्रयोगाची भावंडे अधिक लक्ष देण्याजोगी आहेत. ‘बाय द लुक ऑफ इट’ म्हणणाऱ्याने ती गोष्ट पाहिलेली असते. ‘बाय द साउंड ऑफ इट’ म्हणणाऱ्याने आवाज ऐकलेला असतो किंवा दुसऱ्याने केलेले वर्णन ऐकलेले असते. ‘बाय ऑल अकाउंट्स’ म्हणणाऱ्याने स्वतः काहीच अनुभवलेले नसते, पण ज्यांनी अनुभवले त्या सर्वांचे म्हणणे जुळते, असे त्याला सांगायचे असते. ‘गोइंग बाय’मध्ये आणखी एक छटा आहे. हाताशी एवढाच आधार आहे आणि तो अपुरा असू शकतो, याची जाणीव त्यात बहुधा असते. म्हणजे निष्कर्ष सांगतानाच तो कोणत्या वाटेने आला, याची पावतीही बोलणारा जोडून देतो. पुढच्या बहुतेक उत्तरांत हीच पावती वाचण्याचा प्रयत्न आहे.

प्रश्न : शब्दकोशात ‘अपॅरंटली’ आणि ‘एव्हिडंटली’ या दोहोंपुढे ‘उघडपणे, स्पष्टपणे’ असा अर्थ सापडतो. मालिकांमध्ये आणि बातम्यांमध्ये मात्र ‘अपॅरंटली’ ऐकताना बोलणाऱ्यालाच शंका आहे असे वाटते. माझी समजूत चुकीची आहे काय? (एक अनुवादिका)

उत्तर : आपला कान बरोबर आहे. जुना शब्दकोश मात्र मागे पडला आहे. ‘अपॅरंट’ या विशेषणात दोन जवळजवळ विरुद्ध अर्थ नांदतात. ‘इट बिकेम अपॅरंट दॅट’ म्हटले की गोष्ट स्पष्ट झालेली असते. ‘द अपॅरंट कॉज’ म्हटले की ते वरवर दिसणारे कारण असते आणि खरे कारण निराळे निघण्याची शक्यता मोकळी ठेवलेली असते. ‘एअर अपॅरंट’ या राजघराण्यातील संज्ञेत पहिला अर्थ गोठून राहिला आहे: ज्याचा वारसाहक्क दुसऱ्या कोणाच्या जन्माने हिरावला जाऊ शकत नाही, असा निश्चित वारस. ‘अपॅरंटली’ या क्रियाविशेषणाने मात्र दुसऱ्या अर्थाच्या दिशेने बरीच मजल मारली आहे. आजच्या बोलण्यात त्याचा पहिला अर्थ ‘असे ऐकले, असे कळते’ हा आहे.

मराठीत यासाठी ‘म्हणे’ हा अप्रतिम शब्द आपल्याकडे आहे. ‘तो परदेशी गेला म्हणे’ या वाक्यात माहिती आहे, ती दुसऱ्याकडून आली आहे हे आहे आणि तिची हमी मी घेत नाही हेही आहे. ‘अपॅरंटली, ही हॅज गॉन अब्रॉड’ हे वाक्य नेमके तेवढेच सांगते. नुसते ‘अपॅरंटली!’ असे एकशब्दी उत्तर आले तर त्यात अनेकदा अविश्वास किंवा उपरोध असतो, आणि तेथेही ‘म्हणे’ चपखल बसते. त्यामुळे संवादांच्या अनुवादात ‘अपॅरंटली’साठी ‘उघडपणे’ हा शब्द आला की अर्थ पुरता उलटतो. अनुवादित पुस्तकांत ही चूक मला इतक्यांदा दिसली आहे की तिला आता चूक म्हणायचे की प्रघात, असा प्रश्न पडतो.

‘एव्हिडंटली’ तुलनेने जुन्या अर्थाशी प्रामाणिक राहिले आहे. ते वापरणारा स्वतः पाहिलेल्या खुणांवरून तर्क करत असतो. टेबलावर दोन रिकामे पेले पाहून कोणी ‘एव्हिडंटली, शी हॅड अ व्हिजिटर’ म्हणाला, तर ‘कोणीतरी भेटायला आलेले दिसते’ हा त्याचा सरळ मराठी अवतार होय. ‘सपोझडली’मध्ये अविश्वास ठसठशीत असतो. ‘अलेजेडली’ हा पत्रकारांचा आणि वकिलांचा शब्द आहे, कारण सिद्ध न झालेला आरोप सत्य म्हणून छापला तर बदनामीचा दावा अंगावर येऊ शकतो. ‘ऑब्व्हियसली’चे तर बोलीत इतके अवमूल्यन झाले आहे की ज्या गोष्टी मुळीच उघड नसतात त्यांच्यापुढेही तो शब्द लागतो. एवढ्यावर त्याची बोळवण करतो.

आणखी एक जोडी अनुवादकाने सांभाळावी. ‘अॅज फार अॅज आय नो’ म्हणजे ‘माझ्या माहितीप्रमाणे’. बोलणाऱ्याजवळ काही माहिती आहे. ‘फॉर ऑल आय नो’ म्हणजे ‘मला काय ठाऊक, असेलही’. बोलणाऱ्याजवळ काहीच माहिती नाही आणि तेच त्याला सांगायचे आहे. दोहोंत शब्दांचा फरक थोडका आहे, अर्थाचा फार मोठा.

प्रश्न : ‘मस्ट’ म्हणजे ‘असलेच पाहिजे’. मग ‘इट मस्ट बी रेनिंग’ हे ‘इट इज रेनिंग’ यापेक्षा अधिक ठाम विधान असायला हवे. प्रत्यक्षात ते कमी ठाम का वाटते? (पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी)

उत्तर : आपण ज्या कोड्याला हात घातला आहे, त्याची चर्चा भाषावैज्ञानिक पन्नासहून अधिक वर्षे करत आहेत. लाउरी कार्तुनेन यांनी १९७२ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ‘अमुक असणे अनिवार्य आहे’ यातून ‘अमुक आहे’ हे निघतेच, म्हणून पहिले विधान अधिक बलवान असले पाहिजे. परंतु खिडकीशी उभे राहून पाऊस पाहणारा इंग्रजी भाषक ‘इट मस्ट बी रेनिंग’ असे कधीच म्हणत नाही. ज्याने पाऊस पाहिलेला नाही, पण बाहेरून आलेल्यांच्या भिजलेल्या छत्र्या पाहिल्या आहेत, तोच तसे म्हणतो. यावरून ‘मस्ट’ दुबळे आहे असा निष्कर्ष दीर्घकाळ काढला जात होता.

काय फॉन फिन्टेल आणि अँथनी गिलीज यांनी २०१० मध्ये या समजुतीला आव्हान दिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की ‘मस्ट’ दुबळे मुळीच नाही. ते केवळ एवढे नोंदवते की बोलणाऱ्याला ही गोष्ट प्रत्यक्ष दिसलेली नाही, ती त्याने तर्काने काढली आहे. अप्रत्यक्ष ज्ञान प्रत्यक्ष ज्ञानापेक्षा कमी भरवशाचे असते, असे आपण सहसा धरून चालतो आणि तो अविश्वास ‘मस्ट’च्या माथी मारतो. समजा, तीन पेट्यांपैकी एकीत चेंडू आहे हे नक्की माहीत आहे आणि पहिल्या दोन उघडून रिकाम्या निघाल्या. आता ‘इट मस्ट बी इन द थर्ड’ या वाक्यात तिळमात्र शंका नाही. तरीही ‘मस्ट’ येते, कारण चेंडू अजून डोळ्यांनी दिसलेला नाही. सर्व भाषावैज्ञानिकांनी हे मत स्वीकारलेले नाही, पण मला ते पटते, आणि मराठी भाषकाला ते पटण्यास विशेष अडचण येऊ नये. ‘पाऊस पडत असणार’ आणि ‘पाऊस पडत असावा’ ही दोन्ही न पाहिलेल्या पावसाविषयीची विधाने आहेत, परंतु पहिल्यात खात्री आहे आणि दुसऱ्यात ती कमी आहे. अप्रत्यक्षता आणि अनिश्चितता या दोन वेगळ्या गोष्टी असल्याचे आपली क्रियापदेच दाखवतात. ‘मस्ट’चे भाषांतर म्हणूनच बहुतेक ठिकाणी ‘असणार’ असे व्हावे. ‘असावा’ हे ‘प्रॉबॅब्ली’च्या जवळ जाते.

जाता जाता दोन बारकावे. अनुमान नकारार्थी असेल तर ब्रिटिश भाषक ‘ही कान्ट हॅव सीन इट’ म्हणतो, अमेरिकी भाषक बरेचदा ‘ही मस्ट नॉट हॅव सीन इट’ म्हणतो. आणि दारावरची घंटा वाजताच ‘दॅट्ल बी द पोस्टमन’ असे जे म्हटले जाते, त्यातील ‘विल’ हा भविष्यकाळ नसून वर्तमानाविषयीचे अनुमान आहे: ‘पोस्टमन असेल’. येथे तर मराठीही तेच रूप वापरते, त्यामुळे समजावून सांगण्याचे काम आपोआप वाचते.

प्रश्न : ‘एव्हिडन्सेस’ असे अनेकवचन मी एका अहवालात वापरले आणि ते खोडण्यात आले. ‘प्रूफ्स’ मात्र चालते. शिवाय ‘द एक्सेप्शन प्रूव्ह्ज द रूल’ या म्हणीचे तर्कशास्त्र मला कधीच समजले नाही. अपवादाने नियम सिद्ध कसा होईल? (एका कार्यालयातील अधिकारी)

उत्तर : खोडणारे बरोबर होते. आजच्या प्रमाण इंग्रजीत ‘एव्हिडन्स’ हे पाण्यासारखे किंवा माहितीसारखे न मोजता येणारे नाम आहे; एकच पुरावा सांगायचा तर ‘अ पीस ऑफ एव्हिडन्स’ म्हणावे लागते. अठराव्या शतकातील धर्मविषयक ग्रंथांत ‘एव्हिडन्सेस’ हे रूप आदराने नांदत होते, पण आता ते कालबाह्य वाटते. मराठीत ‘पुरावे’ हे अनेकवचन सहज होत असल्याने आपल्याकडून ही चूक वारंवार होते. ‘प्रूफ’ची गोष्ट निराळी आहे. पुरावा साचत जातो, कमी-अधिक असतो, दोन्ही बाजूंना असू शकतो. ‘प्रूफ’ म्हणजे तो पुरावा निर्णायक ठरल्याची अवस्था. म्हणून ‘सम एव्हिडन्स, बट नो प्रूफ’ हे वाक्य इंग्रजीत सुसंगत आहे आणि दोन्ही शब्दांसाठी ‘पुरावा’ वापरला तर ते मराठीत विसंगत होते. ‘काही पुरावा आहे, पण सिद्धता नाही’ असे म्हणावे.

‘प्रूफ’चा एक जुना अर्थ ‘कसोटी’ असा आहे. ‘द प्रूफ ऑफ द पुडिंग इज इन द ईटिंग’ म्हणजे पदार्थाची कसोटी तो खाण्यात आहे. ही म्हण तोडून ‘द प्रूफ इज इन द पुडिंग’ असे आता सर्रास म्हटले जाते, ज्याला शब्दशः काही अर्थ नाही, पण म्हणी अर्थावर चालत नाहीत.

आपली अपवादाची म्हण याच ‘कसोटी’वाल्या अर्थाने अपवादाने नियमाची परीक्षा होते असे सांगते, हे स्पष्टीकरण अनेकदा दिले जाते, पण तिचे मूळ कायद्यात आहे. इसवी सनापूर्वी ५६ मध्ये सिसेरो या रोमन वक्त्याने आणि वकिलाने बाल्बस या माणसाच्या रोमन नागरिकत्वाच्या बचावात एक युक्तिवाद केला. काही जमातींशी झालेल्या तहांत त्यांच्यापैकी कोणालाही नागरिकत्व देऊ नये असे कलम होते. ज्या तहांत असा अपवाद नाही, तेथे नागरिकत्व देण्यास मुभा आहे असेच मानले पाहिजे, असे तो म्हणाला. ‘रविवारी प्रवेश विनामूल्य’ ही पाटी घ्या. इतर दिवशी शुल्क आहे, हे तिच्यावर कोठेही लिहिलेले नाही, तरी ते सिद्ध होते. अपवाद सांगितला गेला, यावरूनच नियम असल्याचे कळते. आपले म्हणणे खोडून काढणारे उदाहरण पुढे आले असता ‘अपवादाने नियमच सिद्ध होतो’ म्हणून हात झटकणे हा त्या म्हणीचा दुरुपयोग आहे, आणि दुर्दैवाने तोच सर्वाधिक प्रचलित आहे.

प्रश्न : ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’, ‘बॅलन्स ऑफ प्रॉबॅबिलिटीज’, ‘सर्कमस्टॅन्शियल’ हे शब्द इंग्रजी भाषक रोजच्या बोलण्यातही वापरतात. न्यायालयातील अर्थ आणि बोलीतील अर्थ एकच असतात काय? (विधी महाविद्यालयातील एक विद्यार्थिनी)

उत्तर : कधी असतात, कधी चांगलेच फारकत घेतात. इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी अभियोग पक्षाची असते, हे तत्त्व १९३५ च्या वुल्मिंग्टन खटल्यात लॉर्ड सँकी यांनी त्या वेळच्या सर्वोच्च न्यायपीठात, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, ठसवले; इंग्रजी फौजदारी कायद्याच्या जाळ्यातून जाणारा ‘सोन्याचा धागा’ असे त्यांनी त्याचे वर्णन केले. ही सिद्धता ‘बियॉन्ड रीझनेबल डाउट’, म्हणजे वाजवी शंकेपलीकडची, असावी लागते; पण ‘रीझनेबल डाउट’ म्हणजे नेमकी किती शंका, हे समजावताना न्यायाधीशांची इतकी तारांबळ उडत असे की आज इंग्लंडमधील न्यायाधीश ज्युरीला, म्हणजे निकाल देणाऱ्या नागरिकांच्या मंडळाला, साध्या शब्दांत सांगतात: आरोपी दोषी आहे याची तुम्हाला खात्री असली पाहिजे. अमेरिकेत जुना शब्दप्रयोग कायम आहे, आणि तेथे तो ‘बियॉन्ड अ रीझनेबल डाउट’ असा ‘अ’सह लिहिला जातो. ‘बियॉन्ड अ शॅडो ऑफ अ डाउट’, म्हणजे शंकेची सावलीही न उरणे, ही मात्र कोणत्याच न्यायालयाची कसोटी नाही. ती बोलीतील अतिशयोक्ती आहे.

दिवाणी दाव्यांत इंग्लंडमध्ये ‘बॅलन्स ऑफ प्रॉबॅबिलिटीज’ आणि अमेरिकेत ‘प्रिपॉन्डरन्स ऑफ द एव्हिडन्स’ ही कसोटी असते. अमुक घडले असण्याची शक्यता न घडण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, एवढे दाखवले की पुरते. या दोन कसोट्यांतील अंतर अमेरिकी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन यांच्यावरील दोन खुनांच्या प्रकरणाने सर्वांना दिसले. १९९५ मध्ये फौजदारी खटल्यात ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले आणि १९९७ मध्ये त्याच दोन मृत्यूंबद्दलच्या दिवाणी दाव्यात दुसऱ्या ज्युरीने त्यांना उत्तरदायी ठरवले. पुष्कळांना हा विरोधाभास वाटला, पण दोन्ही ज्युरींपुढचा प्रश्न एक नव्हता. ‘नॉट गिल्टी’ म्हणजे ‘त्याने केले नाही’ असे विधान नव्हे, तर ‘लागणारी उंची गाठली गेली नाही’ असे विधान आहे. स्कॉटलंडमध्ये तर ‘नॉट गिल्टी’शेजारी ‘नॉट प्रूव्हन’ असा तिसरा निकाल शतकानुशतके होता. दोहोंचा कायदेशीर परिणाम सुटका हाच, पण लोकांच्या नजरेत दुसऱ्याला संशयाचा वास राहत असे. तो रद्द करणारा कायदा तेथील संसदेने २०२५ मध्ये संमत केला.

‘सर्कमस्टॅन्शियल’ या शब्दाबाबत बोली आणि न्यायालय यांच्यात सर्वांत मोठी दरी आहे. रोजच्या इंग्रजीत ‘इट्स ओन्ली सर्कमस्टॅन्शियल’ म्हणजे ‘हा काही खरा पुरावा नव्हे’. कायद्यात मात्र परिस्थितिजन्य पुरावा म्हणजे ज्यावरून वस्तुस्थितीचे अनुमान करावे लागते असा पुरावा, आणि त्या व्याख्येने बोटांचे ठसे व डीएनए हेसुद्धा परिस्थितिजन्य ठरतात, तर अंधारात ओझरते पाहिलेल्या साक्षीदाराची साक्ष ‘प्रत्यक्ष’ ठरते. कोणते अधिक भरवशाचे, हे सांगायला नको. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हॉलंड खटल्यात म्हटले की परिस्थितिजन्य पुरावा आणि साक्षीचा पुरावा यांत मूलतः फरक नाही.

‘द ज्युरी इज स्टिल आउट’ (निर्णय अजून व्हायचा आहे) आणि ‘बेनिफिट ऑफ द डाउट’ (संशयाचा फायदा) यांसारखे प्रयोग मात्र न्यायालयातून बाहेर पडून अर्थ न बदलता घरोघर गेले आहेत. अनोळखी बारा नागरिकांना निर्णयाला बसवण्याची पद्धत ज्या समाजात इतकी मुरलेली आहे, तेथे असे होणारच.

प्रश्न : वैज्ञानिक बातम्यांत ‘देअर इज नो एव्हिडन्स दॅट’ असे वाचले की मी ‘तसे नसते हे सिद्ध झाले’ असे समजते. माझी मैत्रीण म्हणते की हा अर्थ चुकीचा आहे. (विज्ञानविषयक लेखन करणाऱ्या एक वाचक)

उत्तर : आपल्या मैत्रिणीचे म्हणणे बरोबर आहे, पण दोष एकट्या आपला नाही. हा शब्दप्रयोग दोन अगदी भिन्न परिस्थितींत वापरला जातो. एकात पुष्कळ शोध घेतलेला असतो आणि काही सापडलेले नसते. दुसऱ्यात अजून कोणी शोधलेलेच नसते. शब्द तेच राहतात. २४ एप्रिल २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एका टिपणात म्हटले की कोविडमधून बरे झालेल्या आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) असलेल्या लोकांना दुसऱ्या संसर्गापासून संरक्षण मिळते, याचा सध्या पुरावा नाही. आजार नवा होता, अभ्यासाला वेळच मिळाला नव्हता, म्हणून विधान अक्षरशः खरे होते. लोकांनी मात्र ‘बरे होऊनही संरक्षण मिळत नाही’ असे वाचले आणि घबराट पसरली. दुसऱ्याच दिवशी संघटनेला स्पष्ट करावे लागले की बहुतेक बाधितांत प्रतिपिंडे तयार होऊन काही प्रमाणात संरक्षण मिळेल अशी अपेक्षा आहे. अशा ठिकाणी मराठीत ‘पुरावा नाही’ असे लिहून थांबण्यापेक्षा ‘अद्याप पुरावा उपलब्ध नाही’ किंवा ‘शोध घेऊनही पुरावा सापडला नाही’ यांपैकी जे खरे असेल ते लिहावे. मूळ इंग्रजीपेक्षा अनुवाद अधिक नेमका झाला, तर त्यात वावगे काही नाही.

याच जातीचा, पण अधिक धोकादायक शब्दप्रयोग ‘कन्सिस्टंट विथ’ हा आहे. ‘द इन्जरीज आर कन्सिस्टंट विथ अ फॉल’ असे वैद्यकीय तज्ज्ञ म्हणतात, तेव्हा जखमा पडल्याने झाल्या असे ते म्हणत नाहीत. पडल्याने अशा जखमा होऊ शकतात, एवढेच म्हणतात. मारहाणीनेही तशाच जखमा होऊ शकत असतील, तर हे विधान कोणत्याही बाजूला झुकत नाही. ऐकणारा मात्र ते होकार म्हणून ऐकतो. बर्मिंगहॅममधील १९७४ च्या बॉम्बस्फोटांनंतर पकडलेल्या सहा जणांपैकी काहींच्या हातांवर केलेली रासायनिक चाचणी होकारार्थी आली आणि त्यांनी नायट्रोग्लिसरीन हाताळल्याबद्दल आपल्याला नव्व्याण्णव टक्के खात्री आहे, असे तज्ज्ञाने सांगितले. पुढे दिसून आले की पत्त्यांवरच्या लेपासारख्या निरुपद्रवी पदार्थांनीही ती चाचणी होकारार्थी येऊ शकते, आणि त्यांच्यापैकी पाच जण पत्ते खेळलेले होते. १९७५ मध्ये दोषी ठरलेली ही माणसे १९९१ मध्ये सुटली. प्रामाणिक विधान ‘स्फोटकाशी सुसंगत, तसेच इतर गोष्टींशीही सुसंगत’ असे झाले असते. म्हणून ‘कन्सिस्टंट विथ’चे भाषांतर ‘दर्शवते’ असे कधीही करू नये. ‘विसंगत नाही’ हे कानाला रुक्ष लागते, पण अर्थ तोच आहे.

प्रश्न : ‘पॉसिबल’, ‘लाइकली’, ‘प्रॉबॅब्ली’ यांना मराठीत ‘शक्य’, ‘संभाव्य’, ‘बहुधा’ म्हणता येते, पण इंग्रजी भाषकांच्या मनात यांची निश्चित चढती श्रेणी असते का? (एक निवृत्त प्राध्यापक)

उत्तर : आपल्या मनात ती आहे, असे त्यांना वाटते. मार्च १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता विभागाच्या एका अंदाज-अहवालात युगोस्लाव्हियावर त्या वर्षी हल्ला होणे ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ मानावी असे लिहिले गेले. ते तयार करवून घेणारे शर्मन केंट यांना एका अधिकाऱ्याने सहज विचारले की म्हणजे किती? केंट यांच्या मनात शंभरात पासष्ट होते. विचारणाऱ्याला त्याहून बरेच कमी वाटले होते. मग केंट यांनी मसुद्यावर एकत्र काम केलेल्या सहकाऱ्यांना विचारले, तेव्हा उत्तरे शंभरात वीस ते शंभरात ऐंशी एवढी पसरली. ज्या शब्दांवर सर्वांनी एकमताने सही केली होती, त्यांचा अर्थ प्रत्येकाने निराळा धरला होता. शब्दांना आकडे जोडून द्यावेत, अशी सूचना केंट यांनी पुढे १९६४ च्या लेखात मांडली. सहकाऱ्यांपैकी ज्यांना भाषेची लवचीकता प्रिय होती, त्यांना ती रुचली नाही.

आज मात्र अमेरिकी गुप्तवार्ता संस्थांच्या नियमांत ‘लाइकली’ म्हणजे ५५ ते ८० टक्के आणि ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ८० ते ९५ टक्के असे ठरवून दिलेले आहे. हवामानबदलाविषयीच्या आंतरसरकारी मंडळाची श्रेणी वेगळी आहे. तेथे ‘लाइकली’ ६६ टक्क्यांपासून आणि ‘व्हेरी लाइकली’ ९० टक्क्यांपासून सुरू होते. तापमानवाढीतील मानवी वाट्याविषयीचे त्या मंडळाचे शब्द क्रमाने वाचले तर विज्ञानाची वाटचाल नुसत्या क्रियाविशेषणांतून दिसते: २००१ मध्ये ‘लाइकली’, २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’, २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ आणि २०२१ मध्ये ‘अनइक्विव्होकल’, म्हणजे निःसंदिग्ध. अशा अहवालांच्या अनुवादात ‘संभाव्य’ आणि ‘शक्य’ हे शब्द आलटून पालटून वापरणे म्हणजे मोजपट्टी पुसणे होय. श्रेणीतील प्रत्येक पायरीसाठी एक मराठी शब्द ठरवावा आणि शेवटपर्यंत तोच पाळावा.

पुरावा न वाढता नुसते शब्दच चढवले तर काय होते, याचे उदाहरण ब्रिटनने सप्टेंबर २००२ मध्ये इराकविषयी प्रसिद्ध केलेल्या दस्तऐवजात आहे. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी प्रस्तावनेत लिहिले की इराकचे सत्ताधीश सद्दाम हुसेन यांनी रासायनिक व जैविक शस्त्रे बनवणे चालू ठेवले आहे, हे गुप्त माहितीने ‘बियॉन्ड डाउट’ प्रस्थापित केले आहे असे आपण मानतो. मूळ माहिती तुटक आणि सावध भाषेत होती. इराक युद्धाविषयीच्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये स्पष्ट म्हटले की त्या माहितीने ही गोष्ट निःसंशय प्रस्थापित केलेली नव्हती. त्या वाक्यातील ‘आय बिलीव्ह’ आणि ‘बियॉन्ड डाउट’ हे शब्दप्रयोग एकमेकांशेजारी कसे बसले, हे माझ्या मते व्याकरणाच्या वर्गातही शिकवण्याजोगे आहे: एक म्हणतो ‘हे माझे मत’, दुसरा म्हणतो ‘येथे मताला वावच नाही’.

प्रश्न : ‘स्मोकिंग गन’ला मराठीत काय म्हणावे? (एक वाचक)

उत्तर : संदर्भानुसार ‘निर्णायक पुरावा’ किंवा ‘रंगेहाथ पकडून देणारा पुरावा’. नेम धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील पिस्तुलातून अजून धूर निघतो आहे, हे त्यातील चित्र. ते अमेरिकेतील वॉटरगेट प्रकरणाने, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घुसखोरीच्या प्रकरणाने, घराघरात पोहोचवले. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या कार्यालयात ध्वनिमुद्रित झालेल्या संभाषणात त्या प्रकरणाची चौकशी थांबवण्याची योजना ऐकू येत होती. ५ ऑगस्ट १९७४ रोजी ते प्रसिद्ध झाले आणि ९ ऑगस्टला निक्सन पायउतार झाले. त्या फितीला ‘स्मोकिंग गन टेप’ हेच नाव पडले. आजच्या इंग्रजी वृत्तपत्रांत हा प्रयोग बहुतेक वेळा ‘नो स्मोकिंग गन’ असा नकारार्थी येतो, आणि तेथे ‘पुरावा नाही’ असे भाषांतर चुकेल. पुरावा पुष्कळ असू शकतो. एकट्याने प्रकरण संपवील असा एकही तुकडा त्यात नाही, एवढेच बातमीदाराला सांगायचे असते.